सासूबाईंची शीळ

एकदा काय झालं, एका सासूबाईंची शीळ हरवली.

हसू नका. खरंच हरवली. आणि ही शीळ म्हणजे रस्त्याने जाता-येता वाजवायची शीळ नव्हे, बरं का. पूर्वेला, अगदी पूर्वेला, कोरिया नावाचा एक देश आहे. त्याच्या दक्षिणेच्या समुद्रात इतकी बेटं आहेत, की वाटावं, कुणीतरी लाह्यांची परडी घेऊन चाललं होतं आणि त्याला ठेच लागली. मोठी बेटं, लहान बेटं, नुसतं एक झाड मावेल एवढी बेटं. तिथल्या बायका समुद्रात बुडी मारतात. छातीत श्वास भरून घेतात आणि खाली जातात. खडकाला चिकटलेले शिंपले काढतात, विळ्याने समुद्रातली भाजी कापतात. मग वर आल्या, की कोंडलेला श्वास सोडतात. तो सुटताना शीळ वाजते. हूऽऽई! प्रत्येकीची वेगळी. घरची माणसं किनाऱ्यावर बसून नुसती शीळ ऐकतात आणि म्हणतात, आली, आमची वर आली.

तर अशाच एका बेटावर बुन्नेबाई राहायच्या. त्यांचा मुलगा बाउ, मासे धरणारा. आणि बाउची नवी नवरी दाल्ले. लग्नाला तीन महिने झाले होते. दाल्ले फार कमी बोलायची. तिला बोलायला जागाच नव्हती म्हणा ना! बुन्नेबाई सकाळी डोळे उघडायच्या आधी तोंड उघडायच्या.

"दाल्ले, मीठ जास्त पडलं. दाल्ले, केर असा काढतात होय? वारा फिरलाय, वाळवण आत घे. भाजीची पेंढी बांधताना पीळ डावा घे, मी डावखुरी आहे, मला सोडता आला पाहिजे. तुझ्या आईने तुला काही म्हणजे काही शिकवलं नाही, आता मलाच मेलीला शिकवायला हवं."

दाल्ले आपली "हो आई" म्हणायची आणि मनातल्या मनात मोजायची. एकदा भात शिजेपर्यंत चौऱ्याऐंशी सूचना झाल्या होत्या.

मग एके दिवशी बुन्नेबाई बुडी मारून वर आल्या, तोंड उघडलं, आणि शीळ वाजलीच नाही. शीळ नाही, आवाज नाही, शब्द नाही. बायकांनी त्यांना धरून घरी आणून बसवलं.

शेजारच्या सामवोलकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "सुटलीस गं बाई! आमच्या म्हातारीला कधी व्हायचं असं?"

दाल्ले नुसती हसली. खोटं कशाला बोला, पहिला दिवस तिला बरा गेला. दुसऱ्या दिवशी भात करपला, कारण कुणी सांगितलं नाही. वाळवण भिजलं, कारण कुणी ओरडलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने पाहिलं, सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या आहेत. ओठांचा चंबू करतात, फुंकतात, आणि काही येत नाही. ताटातला भात तसाच. घर इतकं शांत, की दाल्लेला आपल्याच पावलांची लाज वाटायला लागली.

बेटावरची वैदूबाई आली. तिने बुन्नेबाईंच्या छातीला कान लावला. म्हणाली, "शिळेवाचून श्वास पुरता सुटत नाही. आतल्या आत साचतो. पुनवेपर्यंत शीळ परत आली तर ठीक. नाही तर…"

पुनवेला तीन दिवस होते.

दाल्ले भांडी घेऊन खडकावर गेली. भर दुपार होती. आणि तिथे तिला ऐकू आली. हूऽऽई! तीच शीळ! सासूबाईंची! खडकामागून येत होती. दाल्लेने हळूच डोकावून पाहिलं.

तिथे एक भुकेला बसला होता, म्हणजे कायमचं उपाशी भूत. घाबरू नका, तो लहान मुलांना खात नाही. त्याला काहीच खाता येत नाही, तेच तर त्याचं दुःख. पोट कणगीएवढं, आणि गळा सुईच्या नेढ्याएवढा. भात अडकतो, मासा अडकतो, साधं पाणी प्यायला जावं तर घशात त्याची आग होते.

दाल्लेची वाचा बसायला हवी होती. पण ती आधीच कमी बोलणारी, तिची काय बसणार? ती म्हणाली, "ती शीळ आमची आहे."

"असेल," भुकेला म्हणाला. "तीनशे वर्षांत माझ्या गळ्याखाली उतरेल इतकं बारीक काहीच मिळालं नव्हतं. ही मिळाली. गिळली."

"मग पोट भरलं?"

"नाही ना," भुकेला रडवेला झाला. "नुसती आत वाजते."

"मग द्या परत."

"आणि मी काय खाऊ? ऐक. बुद्धाच्या देवळात जेवून झाल्यावर वाडगी धुतात ना, ते धुवण तेवढं आम्हाला उतरतं. पण जेवणाऱ्याने आपल्या हाताने धुतलेलं हवं, आणि आरशासारखं स्वच्छ. तेवढं आण. शीळ घेऊन जा."

दाल्ले घरी आली. नवऱ्याला म्हणाली, "अहो, होडी काढा." बाउने तिच्या तोंडून एवढं मोठं वाक्य कधी ऐकलं नव्हतं. तो इतका दचकला, की कारण न विचारताच त्याने वल्ही उचलली.

दुसऱ्या दिवशी पहिलं बेट. तिथलं देऊळ उभ्या कड्यावर. वर जायची वाट दोन खडकांच्या फटीतून, इतकी अरुंद, की जाड माणसाने आधी चार दिवस उपास करून यावं. फटीतून बाहेर पडलं, की समोर एकदम समुद्र! कठड्यावर दगडी कासवं ओळीने बसलेली, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे, जणू आत्ता कुणीतरी येणार आहे.

एक म्हातारी भिक्षुणी अंगण झाडत होती. तिने नाव विचारलं.

"दाल्ले."

भिक्षुणी खुदकन हसली. दाल्ले म्हणजे त्यांच्याकडची रानातली कांद्याची पात, बरं का, आणि देवळात कांदा-लसूण चालत नाही. ती म्हणाली, "तुला कढईत घालायची बंदी आहे हो इथे. पण पंगतीत बसायला हरकत नाही. ये."

मग जेवण वाढलं. भात, कढण, तिखटातला कोबी, मुळ्याचं लोणचं. भिक्षुणीने सांगितलं, "मुळ्याची एक फोड शेवटपर्यंत राखायची. तिने वाडगं आतून पुसायचं, कोमट पाणी घालून ते पिऊन टाकायचं, आणि मग निराळं पाणी घालून धुवायचं." दाल्लेचं लक्ष कुठे? ती भराभरा जेवली, बोटानेच वाडगं पुसलं, धुवण तुंबडीत भरलं आणि पळाली.

भुकेल्याने पहिला थेंब घेतला, आणि असा ठसकला, असा ठसकला, की किनाऱ्यावरच्या सगळ्या होड्या हिंदकळल्या. मिरचीचा एक कण राहिला होता. मोहरीहून लहान. पण सुईच्या नेढ्यात मोहरी गेली तर काय होईल, तुम्हीच सांगा.

"मारतेस का मला?" तो म्हणाला. "पुनवेपर्यंत आता दोनच खेपा."

मग तिसऱ्या दिवशी दुसरं बेट. त्या देवळाला होडी लागत नाही. ओहोटी लागली, की समुद्र मधून भांग पाडल्यासारखा बाजूला होतो आणि वाळूची वाट वर येते. दोन्हीकडे पाणी, मधून दाल्ले, पायाखाली खेकड्यांची पळापळ. देवळाभोवती लाल फुलांची झाडं, आणि फुलं कशी? सुकून नाही, अख्खीच्या अख्खी खाली पडलेली, जणू जमिनीवरच फुललीत.

या वेळी दाल्लेने हुशारी केली. कोबी नको, लोणचं नको, कढण नको. पांढऱ्या भाताचे चार घास तेवढे खाल्ले. बाकीचं हळूच कावळ्यांना टाकलं. तिथल्या भिक्षूने पाहिलं. तो म्हणाला, "पोरी, जेवलीस का?"

"जेवले," दाल्ले म्हणाली.

धुवण काचेसारखं स्वच्छ होतं. मिरची नाही, कण नाही, काही नाही. भुकेल्याने थेंब घेतला, आणि घशात भस्सकन जाळ झाला.

"अगं, हे जेवलेल्या माणसाचं पाणी नाही!" तो कळवळला. "ही चलाखी आहे. चलाखीने कुणाचं पोट भरत नाही. आता एक खेप. उद्या पुनव."

दाल्ले घरी आली. बुन्नेबाई आता बसूनही राहत नव्हत्या. आडव्या पडल्या होत्या. त्यांनी दाल्लेचा हात धरला. हाताला काही सांगायचं होतं, पण हाताला कुठे बोलता येतं? त्या दिवशी दाल्लेला चौऱ्याऐंशीतली एक तरी सूचना हवी होती. एक तरी. ती पोटभर रडली.

मग पुनवेच्या दिवशी, उजाडताच, तिसरं बेट. सगळ्यांत लांबचं. देऊळ डोंगराच्या माथ्यावर. पायऱ्या चढता चढता दाल्ले मोजायची विसरली, इतक्या पायऱ्या. वर पोचली आणि वळून पाहिलं. बाई गं! सगळा समुद्र खाली. बेटामागे बेट, बेटामागे बेट, धुक्यात बुडवून ठेवल्यासारखी. तिचं बेट कुठलं? ते तिथे, अंगठा धरला तर झाकलं जाईल एवढं. त्या एवढ्याशा ठिपक्यात आपलं घर आहे, आणि घरात कुणीतरी आपली वाट पाहतंय.

तिथली भिक्षुणी फार म्हातारी होती, पाठीत वाकलेली. तिने काही विचारलं नाही. वाडगं पुढे ठेवलं. त्यात भात होता, शेजारी तिखट कोबी नि मुळ्याचं लोणचं, आणि समुद्रातल्या भाजीचं गरम कढण. त्या देशात बाळंतिणीला हेच कढण देतात, अंगावर दूध येतं म्हणून. भिक्षुणी हात जोडून म्हणाली, "हे कुणाच्या हातचं आहे, तेवढं मनात आणायचं. मग जेवायचं."

दाल्लेने सहज वर पाहिलं. छताला त्याच भाजीची वाळलेली पेंढी टांगली होती. आणि पेंढीचा पीळ डावा होता.

दाल्लेचा घास हातातच राहिला. "ही कुठून आली?"

"कोण जाणे," भिक्षुणी म्हणाली. "तेवीस वर्षं येतेय. दर वसंतात एक. होडीवाला खालच्या पायरीवर ठेवून जातो. नाव नाही, गाव नाही. आम्ही आपले रोज त्या हातांना हात जोडतो आणि जेवतो."

तेवीस वर्षं! बाउ तेवीस वर्षांचा होता. म्हणजे सासूबाईंना लेक झाला, बाळंतपण सुखरूप पार पडलं, त्या वर्षापासून. इतकी बोलणारी बाई, शेजारणीच्या मांजराला किती पिल्लं झाली तेही सांगणारी, पण हे मात्र कधी बोलली नव्हती. थंडगार पाण्यात उतरून, श्वास कोंडून, दर वर्षी एक पेंढी. आणि तिच्याच हातची भाजी दाल्ले घरी रोज जेवत होती. कुठून येते, कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं.

मग दाल्ले जेवली. सावकाश. घासाघासाला तिला काही ना काही आठवत होतं. विळा आठवला, गार पडलेली बोटं आठवली, भात लावणारे कोणी आठवले, होडीवाला आठवला. तिखट कोबीही खाल्ला, नाक पुसत पुसत. शितन् शीत संपवलं. मुळ्याची राखलेली फोड घेऊन वाडगं गोल गोल पुसलं, फोड खाल्ली, कोमट पाणी घातलं, हलवलं, पिऊन टाकलं. मग निराळं पाणी घालून पुन्हा धुतलं. पाण्यात पाहिलं, तर तिचाच चेहरा दिसला, डोळे लाल, नाक लाल, पण स्वच्छ.

भिक्षुणीने स्वतःच्या वाडग्याचं धुवणही तुंबडीत ओतलं. म्हणाली, "कुणी फार भुकेलं आहे वाटतं."

ऊन कलायच्या आत होडी खडकाला लागली. भुकेला घाबरत घाबरत पुढे आला. एक थेंब. ठसका नाही. दुसरा थेंब. जाळ नाही. तिसरा थेंब घेतला आणि त्याने डोळे मिटले. कणगीएवढं पोट घागरीएवढं झालं, घागरीएवढं पोट तांब्याएवढं झालं. आणि मग, तीनशे वर्षांत पहिल्यांदा, भुकेल्याने ढेकर दिली. अशी मोठ्ठी! त्या ढेकरीबरोबर शीळ बाहेर पडली आणि पाण्यावरून सुसाट घराकडे निघाली.

"झोप आली," भुकेला म्हणाला. पोट भरल्यावर येतेच. मग तो कापसासारखा हलका झाला आणि वाऱ्याबरोबर कुठेतरी गेला, जिथे सगळ्यांना पुरेसं मिळतं तिथे.

दाल्ले धावत घरी पोचली. दारातच तिला ऐकू आली. हूऽऽई! अंगणातल्या कोंबड्या उडाल्या, सामवोलकाकूंच्या हातातलं सूप पडलं. साचलेला सगळा श्वास बाहेर आला. बुन्नेबाई उठून बसल्या, मोठा श्वास घेतला आणि म्हणाल्या,

"तीन दिवस कुठे हुंदडत होतीस? वाळवणाची ही काय दशा? आणि हे पाय! कशी आहे बघा, चिखलाचे पाय घेऊन घरात शिरलीय!"

दाल्ले मोजायला विसरली. ती आपली उभी राहून ऐकत होती, कुणी गाणं ऐकावं तशी. मग म्हणाली, "आई, लांबच्या डोंगरावरच्या देवळात तुम्ही दर वर्षी भाजी पाठवता?"

आणि काय सांगू? बुन्नेबाई गप्प झाल्या. या खेपेला त्यांची शीळ कुणी नेली नव्हती, आपणहून गप्प झाल्या. कपड्यांवर नसलेली धूळ झटकत राहिल्या. बऱ्याच वेळाने पुटपुटल्या, "त्यात काय बोलायचं?"

"नका बोलू," दाल्ले म्हणाली. "पुढच्या वसंतात मीही येते तुमच्याबरोबर पाण्यात. आपण दोन पेंढ्या पाठवू."

"तू? तुला श्वास तरी धरता येतो का? उद्यापासून शिकवते. आधी पाय धू."

मग दाल्लेने पाय धुतले. तिघं जेवायला बसली. जेवण संपेपर्यंत किती सूचना झाल्या, ते कुणी मोजलं नाही. ती सगळी खूप वर्षं, पोटभर, सुखाने नांदली.

तुमचीही पोटं भरली आहेत. भात कुणी लावला, कुणी कांडला, कुणी रांधला, त्या सगळ्यांना मनातल्या मनात हात जोडा. जोडले? आता पांघरूण हनुवटीपर्यंत ओढा आणि छातीभर श्वास घ्या. सोडा हळूच. निजा, बाळांनो.