गेरू फासलेला दगड

माणूस या डोंगरावर यायच्याही आधीची गोष्ट. थंडीत जनावरं डोंगरात सापडणारे ऊब देणारे खडे जवळ ठेवत. त्या खड्यांची उरलेली राख पिल्लांचे जीव घेऊ लागली, तेव्हा जनावरांनी ती पुरली आणि कुणी उकरू नये म्हणून वर गेरू फासलेला दगड ठेवला.

"ही खूण पुढच्यांना कळेल का?" कासवीने विचारलं.

"आपल्याला कळते ना, मग झालं," माकडं म्हणाली. कासवीने मान आत ओढून घेतली.

शंभर वर्षांत ती माकडं गेली, माती वाहून राख वर आली. कासवी तेवढी उरली. दगडापुढे आता फुलं असायची. एक माकडीण तापाने फणफणलेलं पिल्लू घेऊन आली आणि तिने दगडाखालची राख त्याच्या कपाळाला लावली.

"नको गं, या राखेनेच मरतात पिल्लं," कासवी कळवळून म्हणाली.

"देवाच्या अंगाऱ्याने कुणी मरतं का, आजी?" माकडीण म्हणाली आणि उरलेली चिमूट तिने भक्तिभावाने कासवीच्या पाठीला लावली.