येसूची हातभर जागा

फार वर्षांपूर्वी, शिरवलीच्या खाडीवर पूल होईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. खाडीच्या मधोमध एक बेट होतं, त्याला सगळे जुवा म्हणत. जुव्यावर वीस-पंचवीस घरं, उदंड माड आणि गोड्या पाण्याची एकुलती एक विहीर. अलीकडे शिरवलीत येसू सुईण राहायची. दोन्हीकडची पोरं तिच्याच हातांवर जन्मायची. रडायला उशीर करणारं पोर येसूने नुसते डोळे वटारले की टाहो फोडायचं, असं म्हणतात.

भरतीला ‘तर’ चालायची. माणसं, बैल, भाताच्या गोणी सगळं एकदम नेणारी ती मोठी होडी. पण ओहोटी लागली की खाडीत उरायचा मांडीएवढा चिखल आणि त्यातून वळणं घेत जाणारा पाण्याचा चिंचोळा पाट. मग ती मोठी होडी जागची हलायची नाही. येसूची धाकटी बहीण सुंदरी जुव्यावर दिली होती. दुसऱ्या खेपेला तिच्या कळा नेमक्या ओहोटीला सुरू झाल्या. पलीकडून बायका लुगडं हलवून बोलावत होत्या आणि येसू काठावर उभी होती. पाणी चढेपर्यंत ती तशीच उभी राहिली. पोहोचली तेव्हा मुलगी रडत होती आणि सुंदरी गार पडली होती.

मुलीचं नाव द्वारकी ठेवलं. बारसं झालं तशी येसू घरी आली आणि म्हणाली, मी होडी बांधणार. ओहोटीला जाणारी, एकट्या बाईला ओढता येणारी.

कसली बांधावी यावर गावात कोण चर्चा! पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण इथे पाच मुखांत पाच होड्या होत्या. येसूने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि माडाखालच्या पोयी गोळा केल्या. नारळाच्या फुलोऱ्यावरचं ते कडक, लांबट साल जन्मतःच होडीसारखं असतं. कोयतीने तासून तिने त्याच्या तीन होड्या केल्या. एक गोल पोटाची, एक बाजूला उलांडी, म्हणजे तोल धरणारा ओंडका, बांधलेली, आणि एक भेंडीच्या शेंगेसारखी निमुळती. प्रत्येकीत एकेक गोटा ठेवून ओहोटीच्या पाटात सोडल्या. गोल पोटाची चिखलात बसली ती बसलीच. उलांडीची खारफुटीच्या मुळांत अडकली. निमुळती मात्र डुलत, आता कलंडते की मग असं करत, पार निघून गेली. ती पकडायला येसू पाटातून जुव्यापर्यंत धावली, आणि पायाखालची घट्ट जमीन कुठे आहे ते तिच्या पावलांना कळलं ते कायमचंच, असं म्हणतात.

तशीच निमुळती होडी तिच्याच पडवीत बांधली. येसू पाय लांब करून जमिनीवर बसली आणि भिवा मेस्त्रीला तिने आपल्याभोवती कोळशाची रेघ ओढायला लावली. भिवा म्हणजे शिरवलीतला जुना होड्या बांधणारा. रेघ ओढून झाल्यावर तो जरा घुटमळला.

"मागे हातभर जागा ठेय गो येसू. कोणाक तरी लागतली."

"सुईण एकटीच जाता आणि एकटीच येता," येसू म्हणाली. "जड होडी चिखलातसून कोण ओढतलो?"

तिचंही खोटं नव्हतं. भिवाने रेघेबरहुकूम फळ्या कापल्या, सुंभाने शिवल्या आणि वरून माशाचं तेल चोपडलं. त्या होडीतून येसू अठरा वर्षं गेली-आली. चिखल लागला की ती होडी घागरीसारखी डोक्यावर घ्यायची. खेकडेसुद्धा वाट सोडायचे, असं म्हणतात. जुव्यावरची एकही बाई त्या अठरा वर्षांत बाळंतपणात गेली नाही.

मग द्वारकीची वेळ आली. तिचं सासरही जुव्यावरच. भर दुपारची ओहोटी होती, गडी मासेमारीला गेले होते. येसू वेळेत पोहोचली, मुलगा झाला, पण द्वारकीचं रक्त थांबेना. औषध होतं ते शिरवलीच्या वैद्याकडे. जाऊन त्याला घेऊन यायला वेळ नव्हता.

येसूने द्वारकीला होडीत निजवलं, मूल तिच्या छातीशी बांधलं. होडी भरली. येसू तिच्याकडे बघत क्षणभर उभी राहिली. तिला भिवाची हातभर जागा आठवली असेल का? मला तर वाटतं, आठवलीच असेल.

"मावशी, आणि तू?" द्वारकीने विचारलं.

"तू नीज गो. मी ढकलतंय."

जुव्यावरच्या बायका मदतीला उतरल्या आणि चार पावलांत चिखलात रुतल्या. घट्ट जमीन येसूलाच ठाऊक होती. अर्ध्या वाटेवर भरती लागली. पाणी कमरेला आलं, गळ्याशी आलं. साठीची बाई, दिवसभर दमलेली. होडीला लोंबकळावं तर ती निमुळती होडी कलंडली असती, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? ती लोंबकळली नाही. ढकलत राहिली.

होडी शिरवलीच्या काठाला लागली तेव्हा द्वारकी जिवंत होती आणि मूल झोपलेलं होतं. मागे कुणीच नव्हतं. शेवटपर्यंत मागून ढकलल्याचं जाणवत होतं, एवढंच द्वारकी जन्मभर सांगत राहिली. त्या होडीच्या मागच्या फळीवर दोन ओले पंजे उमटले होते आणि वैशाखातही ते वाळले नाहीत, असं म्हणतात.

भिवा मेस्त्री त्यानंतर कुणाची होडी मापाबरहुकूम बांधेना. मालकाचं माप घ्यायचा आणि मागे हातभर वाढवायचा. आता पूल झाला, तरी शिरवलीत होडी बांधतात ती अशीच. त्या जागेत जाळं ठेवत नाहीत, मासळीची पाटी ठेवत नाहीत. परका माणूस नकळत तिथे पिशवी ठेवतो, तेव्हा होडीवाला ती मुकाट्याने उचलून त्याच्या मांडीवर देतो.

"थंय नको," तो सांगतो. "येसू दमली तर बसतली खंय?"