बाराव्या धनुष्याचा सांधा

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की ती पहिल्यांदा कुणी सांगितली हे आता कुणालाच आठवत नाही.

एका डोंगराळ राज्यात मालजी नावाचा कमानगर राहत होता. धनुष्यं घडवणं हा त्याचा पिढीजात धंदा. धामणीचं लाकूड तो वर्षभर सावलीत वाळवायचा, मग वाकसाने हळूहळू तासायचा. त्याच्या हातचं धनुष्य मोडलं, असं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

एकदा घाटावरच्या चौकीचा निरोप्या त्याच्या दारी आला. हातात एक काठी होती.

"नाईकांनी बारा लांब धनुष्यं मागितली आहेत," तो म्हणाला. "दसऱ्याच्या शस्त्रपूजेला हवीत. लांबी या काठीएवढी."

काठी चार हात भरली. मालजीने ती ठेवून घेतली आणि कामाला लागला.

अकरा धनुष्यं झाली, एकाहून एक सरस. बाराव्या लाकडाला मात्र एका टोकाशी गाठ निघाली. गाठीचं लाकूड ताण सोसत नाही, म्हणून तेवढं कापावंच लागलं. उरलं साडेतीन हात. वाळलेलं दुसरं लाकूड घरात नव्हतं आणि दसरा तर चार दिवसांवर आलेला.

मालजी बराच वेळ त्या लाकडाकडे बघत बसला. मग त्याने अर्ध्या हाताचा एक तुकडा घेतला, सरसाने टोकाला जोडला, वरून दोरा घट्ट गुंडाळला आणि त्यावर लाख चढवली. सांधा दिसेनासा झाला.

"झाली का बारा?" बायकोने, सगुणेने विचारलं.

"झाली," तो म्हणाला. पण तिच्याकडे बघून म्हणाला नाही.

दसऱ्याला धनुष्यं चौकीवर पोचली. फुलं वाहिली गेली. नाईकांनी मालजीला मानाचं पागोटं बांधलं. सांध्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही.

त्या दिवसापासून मालजीला अन्न गोड लागेना. चुलीत लाकूड तडकलं तरी तो दचकायचा. धनुष्य ओढताना सांधा सुटला, तर तुकडा थेट ओढणाऱ्याच्या तोंडावर येणार, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तिसऱ्या दिवशी त्याने पुढ्यातलं ताट सरकवलं, तेव्हा सगुणा म्हणाली, "अहो, आता तरी सांगा. काय खातंय तुम्हाला?"

त्याने सगळं सांगितलं. ती रागावली नाही, रडलीही नाही.

"मग इथं काय करताय?" ती म्हणाली. "उठा आधी. घाट चढायचाय तुम्हाला."

मालजी उठला तो पळतच सुटला. चढणीवर धाप लागली, पायात काटे मोडले, तरी थांबला नाही. चौकी दिसली तेव्हा पहारेकऱ्यांचा सराव चालू होता. शेवटी उभी होती अंबू, साऱ्या पहारेकऱ्यांत बुटकी, पण नेम सगळ्यांत पक्का. तिच्या हातात बारावं धनुष्य होतं आणि दोरीवर बाण चढलेला होता.

"थांब, पोरी!" मालजी ओरडला. "ओढू नकोस!"

अंबूने हात खाली घेतला. नाईक पुढे आले. मालजीने धापा टाकतच कबुली दिली. "नाईक, ते धनुष्य जोडाचं आहे. मी लपवलं."

नाईकांनी ते धनुष्य एका झाडाच्या बेचक्यात अडकवलं, दोरीला लांब दोर बांधला आणि साऱ्यांना मागे सरायला लावून दोर खेचला. एकदा खेचला, काही झालं नाही. पुन्हा खेचला. तिसऱ्यांदा खेचताच कडकन आवाज झाला आणि अर्ध्या हाताचा तुकडा उडून चौकीच्या मातीच्या भिंतीत रुतला.

अंबूने नकळत आपल्या डोळ्यांवर हात ठेवला.

मालजीने डोक्यावरचं पागोटं काढून नाईकांच्या पायाशी ठेवलं. "द्याल ती शिक्षा घेईन," तो म्हणाला.

"शिक्षेचं नंतर बघू. मूळ लाकूड केवढं होतं?"

"साडेतीन हात."

नाईकांनी अंबूला सरळ उभं केलं आणि तिची उंची मोजली. बरोबर साडेतीन हात भरली.

"मालजी," नाईक म्हणाले, "लांब धनुष्य कशाला म्हणतात? तुझ्या बापाने काय शिकवलं होतं?"

मालजी खालमानेनं सांगू लागला. "एकाच लाकडाचं असावं, बिनजोडाचं. दोरी फक्त दोन टोकांना टेकावी, मध्ये कुठे लाकडाला लागू नये. आणि उंची..." तो अडखळला. "उंची ओढणाऱ्याएवढी."

"ओढणाऱ्याएवढी! काठीएवढी नव्हे," नाईक म्हणाले. "काठी माझ्या उंचीची होती. ती सगळ्यांसाठी पाठवली, ही माझी चूक. पण लाकूड कमी पडतंय, एवढा एक निरोप तू धाडला असतास, तर मी विचारलं असतं, धनुष्य कुणासाठी? तुझं ते लाकूड अंबूला जसंच्या तसं पुरलं असतं. जे खरं होतं तेच तू खोटं करून बसलास."

मालजीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"काका, रडू नका," अंबू म्हणाली. "नवं लाकूड वाळेपर्यंत वर्षभर भाला घेऊन उभी राहीन मी. वेळेवर ओरडलात, हे काय थोडं झालं?"

नाईकांनी पागोटं उचलून त्याच्या हातात दिलं. "अंबूच्या हातात तिचं नवं धनुष्य येईल, तेव्हा हे पुन्हा बांध. तोवर घडीच करून ठेव."

मालजीने त्याच दिवशी एकेका पहारेकऱ्याची उंची मोजून घेतली आणि ज्यांना धनुष्यं मोठी पडत होती, त्यांच्या धनुष्यांची टोकं कापून नव्या खाचा पाडून दिल्या. मग तो घाट उतरला. वारा तोच होता, वाट तीच होती, पण छातीवरचा धोंडा मात्र वर चौकीवरच राहिला होता.

सगुणा दारातच उभी होती. "सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग?"

"मग काय," मालजी म्हणाला, "भूक लागलीय. वाढ."

पुढच्या दसऱ्याला अंबूच्या हाती तिच्या उंचीचं, एकाच लाकडाचं धनुष्य आलं, आणि ते तिला जन्मभर पुरलं. मालजीने मात्र त्यानंतर कुणाचंही धनुष्य घडवताना, हे कुणासाठी, असं विचारल्याशिवाय वाकस हातात धरला नाही.

तात्पर्य : उणीव उघड सांगितली तर तिला वाट सापडते, झाकली तर ती कुणाच्या तरी जिवावर बेतते.