न्हाणीघराची कडी

कुंभेरीच्या चिमुकल्या राज्यात राजा नव्हता. लोकांनी निवडलेले प्रमुख होते, भुजंगराव. निवडणूक कधी घ्यायची, हे आजवर सभा ठरवायची. भुजंगरावांना आता घटनाच बदलायची होती. "सभा राहील, मतदान राहील. फक्त तारीख मी ठरवीन. एवढीशी तर दुरुस्ती!"

सगुणाक्काही सभासद होती, पण सभेत तिला कुणी बोलू देत नसे, कारण बोलायला लागली की ती थांबत नसे. म्हणून तिनं दुरुस्तीवरच्या मतदानाच्या आदल्या दिवशी भुजंगरावांसकट सगळ्या सभेला घरी जेवायलाच बोलावलं.

भुजंगराव हात धुवायला न्हाणीघरात शिरले आणि बाहेरून कडी लागली.

"अक्का, हे काय?"

"दार तेच, भिंती त्याच, पाणीही भरपूर. फक्त आतली कडी बाहेर बसवली, रावसाहेब. एवढीशी तर दुरुस्ती!"

"उघडणार कधी?"

"ते मी ठरवीन."

"म्हणजे मी तुमच्या मर्जीवर?"

"आज तुम्ही आमच्या. उद्यापासून आम्ही तुमच्या."

पाटावरच्या सभासदांचे घास हातातच राहिले.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या बाजूनं एकच हात वर झाला, भुजंगरावांचा. अक्कानं कडी मात्र अजून बाहेरच ठेवलीय. पाहुणे आता अंगणातच हात धुतात.