भूमिसभेचे घंगाळ

एका राज्यात जमिनीच्या वापराचे तंटे ऐकणारी एक सभा होती. कुरण कोठे ठेवावे, वखार कोठे बांधावी, रस्ता कोणाच्या बांधावरून न्यावा, असे प्रश्न आधी ज्या-त्या गावाने सोडवायचे आणि ज्याला गावाचा निर्णय पटणार नाही त्याने राजधानीत येऊन भूमिसभेकडे दाद मागायची, अशी पद्धत होती. निळकंठशास्त्री हे या सभेचे प्रमुख होते. ते विद्वान होते, निःस्पृह होते आणि स्वभावाने फार मायाळू होते. राजा सुकेतूला लहानपणी त्यांनीच अक्षर गिरवायला शिकवले होते.

सभेची एक जुनी रीत होती. प्रत्येक तंट्याच्या आरंभी मोठे तांब्याचे घंगाळ मधोमध ठेवले जाई. सर्व सभासद त्यात हात धूत आणि शास्त्रीबुवा म्हणत, “मागचे गेले. आता नव्याने सांगा.” गावाने पूर्वी काय ठरवले याचा उच्चारही त्यानंतर करायचा नसे. पूर्वग्रह टाळण्याचा हाच उत्तम मार्ग आहे, असे शास्त्रीबुवा मनापासून मानीत.

एकदा पिंपरवळ गावचा तंटा सभेपुढे आला. गावाच्या मध्यभागी सर्वांचे मिळून एक मोठे खळे होते. सुगीत सारे गाव तेथे मळणी करी आणि पश्चिमेच्या वाऱ्यावर धान्य उफणी. खळ्याच्या पश्चिमेला गुलाबशेट नावाच्या व्यापाऱ्याची मोकळी जागा होती. तेथे त्याला उंच वखार बांधायची होती. वखार उभी राहिली असती, तर वारा अडला असता आणि भुशातून दाणा वेगळा करणे गावाला अशक्य झाले असते.

गावाने घाईने नकार दिला नव्हता. सगळे खळ्यावर जमले. मुठीमुठीने भुसा उधळून वारा कोठून कसा येतो ते पाहिले. भांडले, रुसले, पुन्हा बसले. अखेर दक्षिणेकडची गावकीची जागा गुलाबशेटला अदलाबदलीत द्यावी, असे ठरले. गुलाबशेटने ते मानले नाही आणि तो राजधानीत गेला.

सुगी सुरू असल्यामुळे गावातून एकटी सगुणाबाई येऊ शकली. ती खळ्याची व्यवस्था पाहणारी वयस्क बाई होती. गुलाबशेटने मात्र बोलण्यात तरबेज असा एक वकील आणला होता.

हात धुऊन झाल्यावर सगुणाबाई उठली. “गावानं ठरवलं ते असं, की...”

“बाई,” शास्त्रीबुवा मृदूपणे म्हणाले, “गावाने काय ठरवले ते येथे सांगू नका. हात धुतले आहेत.”

“मग सांगू काय? आमचं सगळं म्हणणं त्या ठरावातच हाय.”

“तुमचे स्वतःचे जे म्हणणे असेल ते सांगा.”

“माझं एकटीचं काही म्हणणंच न्हाई, बाबा,” ती म्हणाली आणि खाली बसली.

वकील मात्र बराच वेळ बोलला. सभेने प्रामाणिकपणे पुष्कळ विचार केला. पण विचार करायला तिच्यापुढे एकच बाजू होती. मालकाने स्वतःच्या जागेत वखार बांधण्यास हरकत नाही, असा निर्णय झाला.

सगुणाबाई तशीच राजवाड्यात गेली. राजाने तिचे सारे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी भूमिसभेला दरबारात बोलावले. शास्त्रीबुवा आले. निर्णयामागची कारणे त्यांनी नीट जुळवून ठेवली होती. ते बोलणार, तोच राजाने घंगाळ मागवले, त्यात सावकाश हात धुतले आणि म्हटले, “मागचे गेले. आता नव्याने सांगा.”

शास्त्रीबुवा गोंधळले. “महाराज, सभेने निर्णय दिलेला आहे. त्याची कारणे...”

“असतील. पण ती येथे सांगू नका, शास्त्रीबुवा. हात धुतले आहेत.”

“म्हणजे?” शास्त्रीबुवा एक पाऊल पुढे आले. “आम्ही सर्वांनी बसून एवढा विचार केला. तो काय नुसता पाण्यात गेला?”

खांबापाशी बसलेली सगुणाबाई हळूच म्हणाली, “मलाबी काल असंच वाटलं होतं, शास्त्रीबाबा.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते शास्त्रीबुवांना अधिक लागले. शेजारी बसलेले सभासद भानुपंत कानाशी लागले, “आपण मान खाली घालू नये. आपण गावांच्या वरचे, महाराज आपल्या वरचे. ज्याने त्याने आपल्या पायरीवर हात धुवावेत. सभेच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे.”

शास्त्रीबुवांनी थोडा वेळ त्या घंगाळाकडे पाहिले. एवढी वर्षे त्यांना त्याचा अभिमान वाटत आला होता. गप्प राहणे सोपे होते. राजाने आपल्या गुरूला आणखी काही विचारलेही नसते. पण ते उठले आणि सर्वांना ऐकू जाईल असे बोलले, “भानुपंत, आपले हात कधी मळलेच नव्हते. आपण रोज धूत होतो ते इतरांचे कष्ट. महाराज, ही सभा सुधारायला हवी, आणि ते काम मलाच करू द्यावे. बिघाडही माझ्याच हातचा आहे.”

राजाने विचारले, “पण शास्त्रीबुवा, गावाचेच चुकले असेल तर? एखाद्या गावाने मिळून एका दुबळ्याला चेपले तर?”

“म्हणून तर सभा हवीच, महाराज. दार बंद करायचे नाही. मात्र आत आल्यावर पहिला प्रश्न हा, की गावाने काय ठरवले आणि का. काही ऐकायचे राहून गेले असेल, तर ते दाखवून गावालाच फेरविचार करायला सांगावे. गाव अन्यायावर अडूनच बसले, तरच आपण निर्णय द्यावा. आणि ज्याला येथवर येता येत नाही, त्याच्याकडे सभेने जावे.”

राजा हसला. “लहानपणी माझे अक्षर चुकले की तुम्ही पाटी कधी पुसली नाहीत. चुकलेले अक्षर तेवढे दाखवायचात.”

“आठवते तर,” शास्त्रीबुवा म्हणाले. “मीच विसरलो होतो.”

सभेचा निर्णय स्थगित झाला आणि पिंपरवळचाच तंटा नव्या पद्धतीने पहिल्यांदा ऐकला गेला. सभा खळ्यावरच बसली. सगुणाबाईने ठराव कारणांसह सांगितला. मग शास्त्रीबुवांनी गुलाबशेटला विचारले, “दक्षिणेची जागा तुम्हाला का नको?”

“पावसाळ्यात तिकडची वाट चिखलानं भरते, शास्त्रीबुवा. माझ्या धान्याच्या गाड्या चाकांच्या आसापर्यंत रुततात. वखार काय पाण्यात बांधू?”

सगुणाबाईने जीभ चावली. “अगं बाई! हे तर आम्ही विचारलंच न्हाई.”

“विचारलं असतं, तर मी कशाला राजधानी गाठली असती? त्या वकिलानं येताजाता माझं डोकं खाल्लं ते वेगळंच!”

सारे खळे हसले. एवढा एकच मुद्दा सभेने गावाकडे फेरविचारासाठी सोपवला. दुपार कलण्याआधी गावाने ठरवले, की सर्वांनी मिळून दक्षिणेच्या वाटेवर मुरूम टाकायचा. गुलाबशेटने मान डोलावली.

एवढ्यात पश्चिमेचा वारा सुटला. बायकापुरुष उफणायला उठले. शास्त्रीबुवांना राहवले नाही. त्यांनीही एक सूप उचलले, पण वाऱ्याची बाजू चुकली आणि भुसा सगळा त्यांच्या दाढीत गेला.

“हिकडं उभं राहा, शास्त्रीबाबा! वाऱ्याच्या तोंडाला न्हाई!” सगुणाबाई ओरडली. मग तांब्या पुढे करीत तिने विचारले, “हात धुता का?”

धुळीने आणि भुशाने भरलेले आपले तळवे शास्त्रीबुवांनी कौतुकाने उलटसुलट करून पाहिले.

“धुतो तर,” ते म्हणाले. “आज पहिल्यांदाच मळले आहेत.”

तात्पर्य: न्याय देणाऱ्याचे मन स्वच्छ असावे, पण इतरांनी प्रामाणिकपणे केलेला विचार पुसून टाकणे म्हणजे स्वच्छता नव्हे. तो विचार आधी ऐकावा, चूक असेल तेथे दाखवावी आणि ती सुधारण्याची पहिली संधी त्या जमिनीवर राहणाऱ्यांनाच द्यावी.