पाचवा ठोका

गळ्याच्या ऑपरेशननंतर पंक रॉक गायक पास्कल तुस्कानोचं गाणं संपलं होतं, म्हणून सत्तरीत तो वसईच्या सभागृहात नुसतं बोलायला उभा राहिला. त्याच्या दिवंगत ड्रमरची बायको रेजिना तिसऱ्या रांगेत बसली होती.

सत्काराची शाल घेऊन आलेले आमदार काही माईक सोडेनात. "यांचा एकही कार्यक्रम मी चुकवला नाही! माझ्याइतका जुना चाहता इथे दुसरा नाही!"

"मग साहेब, ही शाल सगळ्यात जुन्या चाहत्यालाच देऊ," पास्कल घोगऱ्या आवाजात म्हणाला. त्यानं खिशातून त्या ड्रमर मित्राची झिजलेली ड्रमस्टिक काढली आणि टेबलावर चार ठोके दिले.

रेजिनानं ते लगेच ओळखले. नवऱ्याचेच ठोके ते! आमदारांनी टाळ्या वाजवल्या, मागोमाग सगळ्या सभागृहानं. रेजिनाचा पाय मात्र आपसूक फरशीवर आपटला.

"आमच्याकडे टाळ्या कधीच नव्हत्या, साहेब. चार ठोके ड्रमरचे, पाचवा लोकांच्या पायांचा," पास्कल म्हणाला.

आमदार माईक ठेवून खाली बसले. पास्कल पायऱ्या उतरून आला आणि त्यानं शाल रेजिनाच्या खांद्यांवर घातली.

"वहिनी, पाचव्या ठोक्याला पूर्वी जमीन हादरायची," तो पुटपुटला. "आज तुमच्या एकटीचीच चप्पल वाजली."