किराईताचा एक पैसा

भीमगडच्या राजाने गरिबांच्या कळवळ्याने हुकूम काढला : तापावरचे किराईत पैशाला जुडी. जास्त भावाने जो विकेल आणि जो घेईल, दोघांनाही फटके. चार दिवस घाट उतरून येणाऱ्या वैदूंना तो भाव परवडेना. ते शेजारच्या राज्यातल्या बाजारात बसू लागले.

तापाची साथ आली. सगुणा कोष्टीण तिकडून पाच पैशांना एक जुडी घेऊन येताना नाक्यावर सापडली. जुडी जप्त झाली. घरी तिची धाकटी मुलगी तापाने फणफणली होती.

दरबारात प्रधान म्हणाले, "बाई, आपल्याकडे जुडी पैशाला आहे. तू पाच मोजलेस. तुला वेडी म्हणू की चोर?"

सगुणाने एक पैसा पुढे ठेवला. "चुकलं, पंत. ही जुडी सरकारात ठेवा आणि मला इथली एक आणून द्या. मी थांबते."

शिपाई दुकानोदुकानी फिरून रिकाम्या हातांनी परतले.

राजाने विचारले, "मग वरचे चार पैसे कशाचे दिलेस?"

"एक पैसा जुडीचा, महाराज. चार ती मिळण्याचे. थोरलीच्या वेळी मी हुकूम पाळला होता. पैसा मुठीत धरून आठ दिवस बाजार हिंडले. समोर ठेवलाय तो तेव्हाचाच पैसा."

राजाने जुडी परत दिली. सगुणा घराकडे धावली.

प्रधानांनी त्याच संध्याकाळी दवंडी पिटवली, की गरिबाला पैसाही जड जातो, तेव्हा उद्यापासून किराईत फुकट.